बँड बंद असताना गेलेला संगीतकार

नट गेला की अंत्ययात्रेच्या गर्दीचे छायाचित्र पहिल्या पानावर येते. संगीतकाराचा शोक असा दिसत नाही, म्हणून तो इतिहासातही क्वचितच उतरतो. २२ डिसेंबर १९७५ रोजी वसंत देसाई लिफ्टच्या अपघातात गेले, २५ मे १९९८ रोजी लक्ष्मीकांत गेले. चाहत्यांनी त्या दिवशी काय केले, हे लिहून कुणी ठेवले?

'राम-लक्ष्मण' यांच्या बाबतीत घोटाळा नावापासूनच आहे. दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'ने (१९७५) ही जोडी पुढे आली. राम म्हणजे सुरेंद्र हेंद्रे, लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. राजश्रीचा 'एजंट विनोद' (१९७७) हाती आला त्या सुमारास हेंद्रे वारले. पाटलांनी मित्राचे नाव टाकले नाही. पुढची चार दशके एकटा माणूस जोडीच्या नावाने चाली बांधत राहिला. 'मैंने प्यार किया'साठी फिल्मफेअर मिळाले तेही याच नावावर.

२२ मे २०२१ रोजी नागपुरात पाटील गेले. महिनाभरापूर्वी श्रवण राठोड, पंधरा दिवसांपूर्वी वनराज भाटिया गेलेले. त्या दिवसांत मृत्यूच्या बातम्यांना तोटा नव्हता. लतादीदींनी ट्विटरवरून दुःख व्यक्त केले. आमच्या शिरड शहापुरात मात्र 'विजय पाटील' म्हणजे कोण, हेच आधी सांगावे लागत होते. 'राम-लक्ष्मण' म्हटल्यावरही प्रश्न यायचा, "दोघांपैकी कोणता?"

एरवी या गावात त्यांचा शोक आपोआप झाला असता, कारण मे महिना लग्नांचा. 'हम आपके हैं कौन' (१९९४) मध्ये चौदा गाणी. त्यांतली करवलीची थट्टा आणि जोडे पळवण्याचे गाणे वाजल्याशिवाय इकडे वरात पुढे सरकत नाही. माझ्या आठवणीत तरी नवरदेवाचे जोडे लपवण्याची हौस मराठवाड्यात या चित्रपटानंतरच बोकाळली. आपल्याकडे कानपिळी होती, तेवढी पुरे असायची. संगीतकार लग्नाचा रिवाज बदलतो, ही गोष्ट पुरस्कारापेक्षा मोठी मानावी लागेल.

पण २२ एप्रिलपासून सरकारी नियम होता, लग्न दोन तासांत आणि पंचवीस माणसांत. त्यात बँडला जागा कुठली? ज्याच्या चालींवर वराती नाचल्या तो गेला, तेव्हा ढोल-क्लॅरिनेट घरात गुंडाळून ठेवलेले. मोबाइलच्या स्टेटसवर चार-दोन जणांनी फोटो लावले, तेही सलमान-माधुरीचे.

निर्बंध सैल झाल्यावर शेजारच्या गावातल्या एका क्लॅरिनेटवाल्याला मी विचारले. वीस-बावीस वर्षे तो या चाली वाजवतो. संगीतकार गेल्याचे त्याला माझ्याकडूनच कळले. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग गाण्यांची वही काढून दाखवली. तिच्यात संगीतकाराचा रकानाच नाही.

"हम आपके, एक ते सहा," तो म्हणाला, "आमच्यात असंच लिव्हतेत, सर. नाव काय म्हणलात त्यांचं?"

मी सांगितले. त्याने कानामागचे पेन काढून समासात लिहून घेतले, दोन्ही नावे.