पेव ते बोअर

लातूर-नांदेडकडच्या जुन्या गावांत एखादे आजोबा मोकळ्या जागेकडे बोट दाखवून सांगतात, "इथं पेव होतं." आज तिथे काहीच दिसत नाही. या बुजलेल्या खड्ड्यापासूनच आपण इथल्या दुष्काळाचा इतिहास वाचू.

पेव म्हणजे कोरड्या, घट्ट जमिनीत खोदलेले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, पोट मोठे. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपायचे. बंद पेवात दाण्यांचे श्वसन चालूच राहते. त्यामुळे ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड मरते. म्हणून पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. आधी कंदील सोडत. तो विझला की थांबत.

चांगल्या सालाची ज्वारी अशी वाईट सालापर्यंत पोचे. कडबा जनावरांना पुरे. शेतात ज्वारीबरोबर तूर, मूग, उडीद, करडई असे. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागे. अर्थात पेव सगळ्यांचे नव्हते. ज्याची जमीन त्याचे पेव. भूमिहीनाला मालकाच्या नाहीतर सावकाराच्या दारी जावे लागे.

1972च्या दुष्काळात ही व्यवस्था कोलमडली. सलग वाईट सालांनी साठे संपले. लोकांनी परदेशातून आलेला मिलो खाल्ला, खडी फोडली, तलावांची माती वाहिली. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. 1977मध्ये तिचा कायदा झाला. भूमिहीनाला काम मागण्याचा हक्क मिळाला, ही मोठीच गोष्ट.

जुनी माणसे एक आठवण मात्र आवर्जून सांगतात : तेव्हा धान्य नव्हते, पण बऱ्याच विहिरींना पाणी होते.

पुढच्या काळात गावाने दुष्काळाला वेगळे उत्तर शोधले. बोअरची यंत्रे आली, विजेचे पंप आले. 1980नंतर मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस पसरला. उसाला हमखास गिऱ्हाईक होते. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पण उसाला जवळजवळ वर्षभर पाणी लागते, आणि खाली आहे काळा बेसाल्ट. त्यात पाणी मावते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि थरांमधल्या भेगांत. बोअर शेकडो फूट नेले तरी दगड जास्त पाणी धरत नाही. पेव चांगल्या सालाची शिल्लक ठेवी. बोअरने जुनी शिल्लक उपसली.

एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, सुमारे 5 लाख लिटर पाणी. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. लातूरचा सरासरी पाऊस 700 ते 800 मिलिमीटर. लंडनचा सुमारे 600. पण लंडनचा पाऊस वर्षभर पडतो, आपला चार महिन्यांत.

आता ते चार महिनेही बेभरवशाचे झाले आहेत. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल व सहकाऱ्यांना आढळले. ज्वारीची जागा बऱ्याच ठिकाणी सोयाबीनने घेतली आहे. ते काढणीला येते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि नेमके तेव्हाच 2021 व 2025मध्ये पाणी शेतात उभे राहिले. सोयाबीन गेले, आणि ज्वारी नसल्याने कडबाही नव्हता.

पेवांचा काळ परत येणार नाही, यावा असेही नाही. पण वाईट सालासाठी आज आपण काय शिल्लक ठेवतो, आणि ती कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न मुलांसमोर ठेवता येईल. त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून 1972 आणि 2016 या दोन सालांची माहिती आणायला सांगा : घरात काय खाल्ले, पाणी कुठून आणले, जनावरांचे काय झाले? ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्या घरांची उत्तरे वेगळ्या रकान्यात लिहा. दोन्ही रकाने शेजारी ठेवून वर्गात वाचा.