पाणचक्की, गॅसबत्ती आणि जनरेटर

आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात व २०२३ सालापर्यंत सरकारी दप्तरीं ज्याचें नांव औरंगाबाद असें होतें, त्या शहराचें मूळचें नांव खडकी. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर ह्यानें १६१० सालीं तें वसविलें. पाण्यावांचून राजधानी नांदत नाहीं हें जाणून त्यानें आसपासच्या डोंगरपायथ्याचें पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरांत आणण्याची व्यवस्था केली. तीच नहर-ए-अंबरी होय. नळांत पाण्याबरोबर हवाहि कोंडते आणि कोंडलेली हवा पाण्याची वाट अडविते. म्हणून वाटेवर ठिकठिकाणीं उंच मनोरे बांधून हवेला बाहेर पडण्यास मार्ग ठेवलेला होता. तसेंच गाळ काढतां यावा म्हणून आंत उतरण्यासारखीं तोंडेंहि ठेवलीं होतीं. शक्ति आणणें आणि आणलेली शक्ति राखणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, ह्याची त्या कारागिरांना पुरती जाणीव होती.

पुढें १७४४ सालीं खाम नदीच्या कांठीं, बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्यापाशीं, प्रसिद्ध पाणचक्की उभी राहिली. दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून सोडून, त्याच्या जोरावर जात्याची तळी फिरविली जाई, आणि दर्ग्यांत येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं व शिष्यांसाठीं धान्य दळलें जाई. माणसाच्या किंवा जनावराच्या बळावांचून चालणारें असें यंत्र त्या काळीं नवलाचें खरें; पण तें सुरक्षितहि होतें. पाण्याचा प्रवाह डोळ्यांना दिसे, जात्याची घरघर कानांना ऐकूं येई, आणि नळांत गाळ सांचला तर जातेंच मंदावून तशी सूचना देई.

घरांतल्या दिव्यांचा इतिहासहि बराचसा असाच आहे. समईची वात काजळली तर ज्योत तांबूस होते. कंदिलाची काच काळवंडली तर वात कातरण्याची वेळ झाली हें घरांतल्या लहान मुलालाहि कळे. त्यानंतर रॉकेलवर चालणारी, हवेचा दाब भरून पेटवावयाची गॅसबत्ती आली. श्रोत्यांपैकीं वडीलधाऱ्यांना लग्नाच्या वरातींत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्यांची रांग आठवत असेल. तिचा आवाज, तिचा वास आणि तिची धग ह्यांमुळें तिच्याशीं कोणी निष्काळजीपणें वागत नसे. तात्पर्य, जुन्या प्रत्येक साधनानें संकटाची वर्दी आधीं दिली आणि माणसाच्या इंद्रियांनीं ती ओळखली. घरगुती जनरेटरच्या बाबतींत मात्र हा नियम मोडतो, आणि त्याचा धोका समजून घेण्याचें मर्म ह्यांतच आहे.

हें यंत्र दोन शोधांच्या संगमानें झालें. लोहचुंबक व तारेचें वेटोळें ह्यांच्या परस्पर हालचालीनें तारेंत वीज उत्पन्न होते हें इंग्लंडांत मायकेल फॅरेडे ह्यानें १८३१ सालीं दाखविलें. लहानपणीं पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी केलेला हा मनुष्य केवळ जिज्ञासेच्या बळावर जगाचा गुरु झाला. दुसरा शोध जर्मनींतील निकोलस ऑटो ह्याचा; १८७६ सालीं त्यानें चार ठोक्यांचें इंजिन यशस्वी करून दाखविलें. ऑटोच्या जातीचें लहान पेट्रोल इंजिन आणि फॅरेडेच्या तत्त्वावरचें वेटोळें एका सांगाड्यांत बसविलें कीं जनरेटर तयार होतो. आपल्या देशांतील घरगुती वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्यानें साध्या जातीच्या लहान जनरेटरचें इंजिन मिनिटाला सुमारें ३,००० फेरे घेतें. जात्याच्या संथ घरघरीशीं ह्या गतीची तुलना केली म्हणजे आपण केवढी शक्ति ओट्यावर आणून ठेवतों हें कळून येईल.

मराठवाड्यांत ह्या यंत्राची गरज कां भासली, हेंहि पाहण्यासारखें आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० सालीं स्थापन झालें, आणि १९७१ सालीं परळी-वैजनाथ येथें औष्णिक विद्युत्केंद्र सुरू झालें. कारखाने वाढले, वसाहती वाढल्या, मागणी पुरवठ्याच्या पुढें गेली. २००५ च्या सुमारास राज्यांत भारनियमन हा रोजच्या बोलण्यांतला शब्द झाला. २०१३ च्या दुष्काळांत तर पाण्याच्या अभावीं परळीचें केंद्रच बंद ठेवावें लागलें. पाण्याविना पाणचक्की थांबावी, तसेंच तें झालें. दरम्यान १९८५ सालीं जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्यानें श्रीराम समूहानें एक कंपनी काढली. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे तिचे छोटे जनरेटर देशभर घरोघर व दुकानोदुकानीं पोंचले. वीज गेली कीं गुलमंडी, पैठण गेट अशा बाजारांत दुकानांपुढें ह्या यंत्रांची फडफड सुरू होई. पुढें इन्व्हर्टरनें घरांतली त्यांची जागा पुष्कळशी घेतली. तथापि मंडप, शेतघर, फिरतें दुकान आणि लांबलेला अंधार ह्यांसाठीं जनरेटर अद्याप हवाच असतो.

आतां त्याच्या धोक्यांकडे वळूं. पहिला धोका धुराचा. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साईड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि त्यानें डोळेहि चुरचुरत नाहींत. रक्तांतील ज्या द्रव्यावर प्राणवायु बसून शरीरभर फिरतो, त्याच द्रव्याला हा वायु प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. ही क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉड बर्नार्ड ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उलगडली. पुढें इंग्लंडांत जॉन हॉल्डेन ह्यानें कोळशाच्या खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करून खाणींत लहान प्राणी बरोबर न्यावे असें सुचविलें. पिंजऱ्यांतील कॅनरी पक्षी माणसाच्या आधीं कोलमडे आणि कामगार बाहेर धांव घेत. इंग्लंडच्या खाणींतून ही प्रथा १९८६ पर्यंत चालली. जें आपल्या इंद्रियांना कळत नाहीं तें दुसऱ्याच्या इंद्रियांकडून जाणून घेण्याची ती युक्ति होती.

आपल्याकडे हा वायु अगदीं अपरिचित नव्हता. थंडीच्या दिवसांत दारें-खिडक्या लावून खोलींत कोळशाची शेगडी ठेवली तर निजलेलीं माणसें सकाळीं उठत नाहींत, हें जुन्या माणसांना ठाऊक होतें. त्या शेगडीच्या मानानें पेट्रोल इंजिन हा वायु फार वेगानें सोडतें. म्हणून जनरेटर घरांत, गच्चीच्या जिन्यांत, तळघरांत किंवा बंद गाळ्यांत कधींहि चालवूं नये. खिडकी उघडी ठेवली अथवा पंखा लावला म्हणून भागत नाहीं. यंत्र मोकळ्या जागेंत, घरापासून निदान वीस फूट दूर ठेवावें, आणि सायलेन्सरचें तोंड आपल्या व शेजाऱ्यांच्या दारां-खिडक्यांकडे नसावें. डोकें दुखूं लागलें, भोवळ आली, मळमळलें, हातापायांतलें बळ गेलें, तर पित्त झालें असेल म्हणून पडून राहूं नये. सर्वांनीं तत्काळ उघड्यावर यावें व डॉक्टरांस बोलवावें. झोंप येणें हेंहि ह्या विषाचें एक लक्षण आहे, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

दुसरा धोका असा कीं, तो आपल्या घरीं न घडतां दुसऱ्याच्या घरीं घडतो. वीज गेल्यावर कित्येक जण दोन्ही टोकांना पिना बसविलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीवरच्या सॉकेटांतून घराच्या तारांत सोडतात. त्यामुळें घरांतले दिवे लागतात खरे. परंतु तीच वीज मीटरमधून उलट्या दिशेनें रस्त्यावरच्या तारेंत जाते. आतां रोहित्र, म्हणजे ज्याला सर्वजण ट्रान्सफॉर्मर म्हणतात तें, दोन्ही बाजूंनीं काम करतें. ११,००० व्होल्टचे २३० करणारें तें यंत्र उलट बाजूनें २३० चे पुन्हा ११,००० करूं शकतें. वीज बंद आहे अशा भरंवशानें पावसांत खांबावर चढलेल्या लाईनमनचा हात त्या तारेला लागला तर काय होईल, हें सांगावयास नको. ज्याच्या कष्टानें आपला दिवा पुन्हां लागावयाचा, त्याचाच प्राण आपल्या दिव्यानें घ्यावा, हा केवढा अनर्थ! म्हणून घराच्या तारांना जनरेटर जोडावयाचाच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्यानें एका वेळीं एकच वाट खुली राहते. तें शक्य नसेल तर चांगल्या जाड वायरीनें हवीं तेवढीं उपकरणें थेट जनरेटरलाच जोडावीं. अर्थिंग कसें करावें हें यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत पाहून वायरमनकडून करून घ्यावें. यंत्र कोरड्या व सपाट जागेवर असावें. पाऊस असेल तर हवा खेळती राहील असें छप्पर वर हवें, आणि ओल्या हातांनीं त्याला स्पर्श करूं नये.

तिसरा धोका इंधनाचा. पेट्रोल साध्या हवेंतहि वाफ सोडीत असतें, आणि ती वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरत जाते. रॉकेलच्या संवयीनें पेट्रोलशीं वागणाऱ्यांचा येथेंच घात होतो. चालू यंत्रांत किंवा नुकत्याच बंद केलेल्या तापल्या यंत्रांत पेट्रोल ओतूं नये. यंत्र बंद करावें, पंधरा-वीस मिनिटें निवूं द्यावें, मग नरसाळ्यानें भरावें, आणि टांकी कांठोकांठ भरूं नये. सांडलेलें पुसून, तें वाळल्यावरच यंत्र सुरू करावें. पेट्रोलचा डबा स्वयंपाकघरांत, देवघराच्या समईजवळ किंवा बंबाशेजारीं ठेवणें म्हणजे आगीला आमंत्रण देणें होय.

यंत्र वापरण्याची रीतहि ठरलेली आहे. सुरू करतांना त्यावर कसलाहि भार नसावा. गति स्थिर झाल्यावर एकेक उपकरण जोडावें, त्यांतहि मोटारीचें उपकरण आधीं. पंप किंवा शीतकपाट सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या दुप्पट-तिप्पट, कधीं त्याहूनहि अधिक, वीज ओढतें. म्हणून यंत्रावर लिहिलेल्या शक्तीपुरता काठावरचा हिशेब करूं नये. बंद करतांना उलट क्रम धरावा. आधीं उपकरणें काढावीं, दोन-तीन मिनिटें यंत्र मोकळें चालवावें, आणि मग थांबवावें.

राहतां राहिली निगा. नव्या यंत्रांतील ऑईल पहिल्या वीस तासांनंतर, आणि त्यापुढें सामान्यतः दर शंभर तासांनीं किंवा सहा महिन्यांनीं बदलावें; पुस्तिकेंत निराळें सांगितलें असेल तर तें प्रमाण मानावें. यंत्र सपाट जागेवर ठेवून ऑईलची पातळी दर खेपेस पाहावी. मराठवाड्याच्या धुळींत एअर फिल्टर लौकर चोंदतो, तो वरचेवर साफ करावा. चोंदलेल्या फिल्टरमुळें इंजिनाला हवा अपुरी पडते, पेट्रोल अर्धवट जळतें आणि तो विषारी वायु आणखीच वाढतो. स्पार्क प्लगवरील काजळी काढावी. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें व तें पाणी शोषतें. म्हणून यंत्र महिनोन्महिने पडून राहणार असेल तर टांकी व कार्ब्युरेटर रिकामा करावा. नाहीं तर महिन्यांतून एकदां थोडा वेळ भारासह चालवून पाहावें.

नहरीचा गाळ काढणारे, समईची वात कातरणारे, कंदिलाची काच पुसणारे हे सर्व लोक एकच व्रत पाळीत होते. शक्ति जितकी घराजवळ आली आणि तिचें संकट जितकें अदृश्य झालें, तितकें हें व्रत कडक व्हावयास हवें. खाणींतल्या पक्ष्याप्रमाणें आपल्या ओट्यावर इशारा देणारें कोणी नाहीं. तें काम आतां घरांतल्या कर्त्या माणसाच्या नियमानेंच व्हावयाचें आहे. वीज गेल्यावर दोरी ओढण्यापूर्वीं त्यानें दोन गोष्टी पाहाव्या: धूर कोणाच्या खिडकीकडे जातो, आणि वीज कोणाच्या तारेंत जाते. त्यांतील एका प्रश्नावर घरांत निजलेल्यांचें आयुष्य अवलंबून असतें, आणि दुसऱ्यावर खांबावर चढलेल्या एका अनोळखी माणसाचें.