पारपटल रोपणाची अस्वीकृती
दात्याच्या डोळ्यातून घेऊन बसविलेल्या पारपटलाला (कॉर्निया) रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेने परके ठरवून त्यावर केलेल्या हल्ल्यास पारपटल रोपणाची अस्वीकृती म्हणतात. निरोगी पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे मूत्रपिंडाप्रमाणे ऊतिगट न जुळवताही हे रोपण बहुधा टिकते. एडुआर्ड त्सिर्म यांनी १९०५ मध्ये ओलोमोउत्स येथे केलेले मानवातील पहिले यशस्वी पारपटल रोपण स्टेरॉइडे उपलब्ध होण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

जुन्या व्रणामुळे पारपटलात रक्तवाहिन्या शिरल्या असतील, तर मात्र हे संरक्षण ढळते. रायगड जिल्ह्यातील कासू परिसरासारख्या भातशेतीच्या भागांत कापणी-मळणीच्या वेळी डोळ्याला पात किंवा तूस लागून होणारा बुरशीजन्य व्रण असे निमित्त ठरू शकतो.

सर्वांत घातक हल्ला अंतःस्तरावर होतो. या स्तरातील पेशी पारपटलातील पाणी उपसून ते पारदर्शक ठेवतात. माणसात त्या जवळजवळ पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यांवर चाल करणाऱ्या पांढऱ्या पेशींची पुढे सरकणारी रेषा 'खोदादुस्त रेषा' म्हणून ओळखली जाते. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, नजर अंधुक होणे ही लक्षणे शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतात. नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्टेरॉइडचे थेंब तातडीने सुरू केल्यास रोपण पुष्कळदा वाचते. उशीर झाल्यास पुन्हा रोपण करावे लागते आणि त्यात अस्वीकृतीचा धोका पहिल्यापेक्षा अधिक असतो.