राधानगरीचे रान आणि कॅमेऱ्याचा वेग

कोल्हापूर संस्थानच्या छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले, १९८५ साली राधानगरी व काळम्मावाडी या जलाशयांभोवतीचे जंगल त्याला जोडून त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आले आणि २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. या काळात रानात येणाऱ्या माणसाच्या हातातले साधन बदलले; मात्र बंदुकीप्रमाणे कॅमेऱ्यातही निर्णायक ठरतो तो बोट दाबल्यापासून परिणाम घडेपर्यंतचा वेळ.

कोल्हापूरला कॅमेऱ्याच्या यंत्राचे वेड जुने आहे. आनंदराव पेंटर यांनी हाती घेतलेले देशी चित्रपट-कॅमेरा घडविण्याचे काम १९१६ साली त्यांच्या निधनानंतर बाबूराव पेंटर यांनी तडीस नेले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांचा वेग दांडा फिरविणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्याची अडचण निराळी होती. ज्यात भिंगातून येणारी प्रतिमाच आरशावरून परावर्तित होऊन नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावण्याच्या खिडकीत, दिसते, अशा ‘एसएलआर’ कॅमेऱ्यात चित्र घेताना आरसा वर उचलला जाऊन दृश्य नाहीसे होई आणि पुढच्या चित्रासाठी फिल्म सरकवेपर्यंत ते परत येत नसे. १९५४ साली जपानच्या असाही कंपनीने आपल्या कॅमेऱ्यात क्षणात परतणारा आरसा बसविल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली, तरी प्रत्येक चित्रानंतर अंगठ्याने लीव्हर ओढणे आणि छत्तीस चित्रांत रोल संपणे या मर्यादा सामान्य हौशी छायाचित्रकाराच्या वाट्याला पुढेही राहिल्या.

२००३ साली कॅननचा ३००डी हा एंट्री-लेव्हल, म्हणजे नवशिक्याच्या आवाक्यातील, डिजिटल एसएलआर बाजारात आला, तेव्हा रोल संपण्याची भीती गेली, पण नव्या प्रकारची प्रतीक्षा आली. हा कॅमेरा सुरू होऊन तयार होण्यास काही सेकंद घेई, सेकंदाला अडीच या गतीने चित्रे घेई आणि सलग चार चित्रांनंतर थांबे, कारण संवेदकाकडून आलेली माहिती कार्डावर लिहिली जाईपर्यंत ज्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवली जाते, ती ‘बफर’ नावाची जागा तेवढ्यात भरून जाई. पुढच्याच वर्षी आलेल्या निकॉन डी७० ने आणि २००५ च्या कॅनन ३५०डी ने ही उणीव बरीच भरून काढली. ३५०डी सुमारे ०.२ सेकंदात जागा होई आणि सेकंदाला तीन या गतीने सलग चौदा जेपेग चित्रे घेई. तरीही या वर्गाचे खरे बळ सलग चित्रांच्या आकड्यात शोधणे चुकीचे ठरेल. त्या काळच्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याचे भिंग प्रतिमा स्पष्ट होईपर्यंत पुढे-मागे चाचपडत राही, तर एसएलआरमधील स्वतंत्र संवेदक प्रकाशाच्या दोन भागांतील अंतर मोजून भिंग कोणत्या दिशेला किती सरकवायचे हे एकदम ठरवी. त्यामुळे बटण दाबणे आणि चित्र उमटणे यांतील विलंब, ज्याला शटर लॅग म्हणतात, पुष्कळच घटला.

राधानगरीच्या रानात या गुणाची परीक्षा होते, आणि तिचा निकाल जाहिरातीतील आकड्यांशी जुळतोच असे नाही. पहाटे वा सायंकाळी सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, चरायला आलेला गवा पुष्कळदा मान वर करून माणसाकडे रोखून पाहत उभा राहतो, त्यामुळे त्याच्यासाठी सेकंदाला तीन चित्रे पुरून उरतात. दाट झाडीत शिरलेल्या कळपाची गोष्ट वेगळी असते. तेथे उजेड कमी, स्वस्त लांब पल्ल्याच्या भिंगाचे सर्वांत मोठे छिद्रही एफ/५.६ एवढेच, आणि गव्याचा काळसर रंग असा की फोकस ठरविण्यासाठी लागणारी कड संवेदकाला सापडत नाही. परिणामी कॅमेऱ्याचे यंत्र कितीही चपळ असले तरी तो फोकस शोधत राहतो. धनेश झाडावरून उडतो तेव्हा तर मोजकेच फोकस-बिंदू असलेला नवशिक्याचा कॅमेरा बहुधा मागे पडतो. मुसळधार पावसाच्या या प्रदेशात या वर्गातील बहुतेक कॅमेऱ्यांना पाण्यापासून संरक्षण नसते, ही उणीव तर वेगाच्या चर्चेत कोणी मोजतही नाही.

२०१८ साली आलेला, सेकंदाला पाच चित्रे घेणारा डी३५०० हा निकॉनच्या नवशिक्यांसाठीच्या एसएलआर मालिकेतील शेवटचा कॅमेरा ठरला, कारण त्यानंतर मोठ्या कंपन्यांचा ओढा आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळला. राधानगरीपुरते बोलायचे तर यातला कोणताही जुना कॅमेरा गव्यासाठी आजही अपुरा नाही. नवख्याने अधिक पैसे खर्चायचेच असतील तर ते अधिक वेगाच्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक उजेड आत घेणाऱ्या भिंगावर खर्चावेत.