गावजोशी, ओतूरचं लग्न आणि इसाराची पावती

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ ऑफिसात आले. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर. फोटोवाल्यानं निम्मे पैसे इसार म्हणून घेतलेले आणि आता फोन बंद. पावती विचारली तर खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं. म्हणाले, "पूर्वी असं होत नव्हतं हो."

खरंय, होत नव्हतं. पण का होत नव्हतं, तेही बघितलं पाहिजे.

पूर्वी लग्नाला माणसं शोधावीच लागत नसत. मडकी कुंभाराची, पत्रावळी गुरवाच्या, पायघड्या परिटाच्या, वाजप मातंगांचं. कामं पिढीजात ठरलेली. बदल्यात खळ्यावर बलुतं आणि लग्नात शिधा, नारळ, कापड. कुंभार पळणार कुठं? घर आणि हक्क दोन्ही त्याच गावात. आपण ज्याला विश्वास म्हणतो, ते खरं तर बांधलेपण होतं. ते किती गोड होतं, हे हलगी वाजवणाऱ्याला विचारा. मांडवात वाजवायचा मान त्याचा, पण पंगतीत जागा नाही.

आणि लग्नघरही तितकंच बांधलेलं. गावजोशाकडं जोशीपणाचं वतन असे. तुम्ही दुसरा भटजी आणा, नाहीतर कुणालाच बोलावू नका, दक्षिणेवर तो हक्क सांगणार. इंग्रजांच्या कोर्टांनीही हा हक्क मानल्याचे निकाल आहेत. म्हणजे काम न करता बिल!

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम आल्हाट आणि राधा यांचं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय. पुढं १८८४ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी तेच केलं. जोशी कोर्टात गेले आणि खटला मुंबई हायकोर्टापर्यंत पोचला. तरी हक्काचा वाद मिटायला कायदाच लागला. सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात नेटानं लावून धरलेलं जोशी बिल १९२६ मध्ये कायदा झालं: ज्याला बोलावलं नाही, त्याला दक्षिणा मागता येणार नाही. पुढं १९५८ च्या कायद्यानं गावकीची कनिष्ठ वतनंही गेली.

म्हणजे आपल्या लग्नात कुणाला बोलवायचं हे आपण ठरवायचं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी पन्नासेक वर्षं भांडावं लागलं. बांधलेपण गेलं ते बरंच झालं. पण त्याच्या जागी कागद यायला हवा होता, तो आपण आणलाच नाही. अजूनही "आपलाच माणूस आहे" म्हणत इसार देतो.

तेव्हा मंडळी, हॉल असो, केटरर असो की बँडवाला: तारीख, काम, एकूण रक्कम, इसार आणि रद्द झालं तर किती परत, एवढं लिहून सही घ्या. त्यानं केलेल्या दोन लग्नघरी फोन करा. फसलात तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. हेल्पलाइन १९१५.

त्या गृहस्थांनी पैसे यूपीआयनं दिले होते, तेवढा पुरावा निघाला. तक्रार लिहून दिलीय. फोटोवाला मात्र नवा शोधलाय, आणि या वेळी पावती घेतलीय.