लिनक्समधील यादृच्छिक संख्यानिर्मिती

हार्डवेअरच्या वर्तनातील बारीक अनियमितता टिपून तिच्यापासून अंदाज न बांधता येणाऱ्या संख्या तयार करणारी, लिनक्स कर्नलमधील यंत्रणा. सुरक्षित संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण, एसएसएचच्या किल्ल्या, लॉग-इननंतर मिळणारी टोकने या साऱ्यांची भिस्त अशा संख्यांवर असते.

संगणक आज्ञेबरहुकूम चालतो. बीज (म्हणजे आरंभीची संख्या) तेच आणि गणित तेच असेल, तर उत्तरही तेच येणार. त्यामुळे अनिश्चितता गणिताबाहेरून आणावी लागते. कर्नलचे विकासक थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये ही सोय थेट कर्नलमध्ये केली. कळ कोणत्या क्षणी दाबली गेली, माउस केव्हा हलला, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, इंटरप्ट (उपकरणाचा प्रोसेसरला इशारा) नेमका कधी आला या वेळा प्रोसेसरच्या अतिसूक्ष्म घड्याळाने मोजल्या जातात. त्यांचे वरचे अंक सहज ओळखता येतात. खरी अनिश्चितता शेवटच्या काही बिटांत असते. अशा असंख्य नोंदी एका साठ्यात घुसळल्या जातात. त्सो यांनी त्यातून संख्या काढण्यासाठी कूटलेखनाऐवजी हॅश वापरला, कारण त्या काळी अमेरिकेतून कूटलेखनाच्या निर्यातीवर निर्बंध होते. पुढे २०१६ मध्ये संख्या पुरवण्याचे काम चाचा२० या पद्धतीकडे आले आणि २०२२ मध्ये जेसन डोननफेल्ड यांनी जुन्या शा-१ या हॅशच्या जागी ब्लेक२एस आणला.

या यंत्रणेची सर्वांत नाजूक वेळ म्हणजे संगणक सुरू झाल्यानंतरचे पहिले काही क्षण. घरातल्या राउटरला ना कीबोर्ड, ना माउस, ना फिरती डिस्क. आणि नेमके पहिल्यांदा सुरू होतानाच तो आपली किल्ली तयार करतो. याचे परिणाम संशोधक नादिया हेनिंजर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उघड केले. इंटरनेटवरून गोळा केलेल्या लाखो सार्वजनिक किल्ल्यांची त्यांनी एकमेकींशी तुलना केली. आरएसए किल्ली दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते. दोन उपकरणांचा साठा आरंभी सारखाच असला, की पहिली मूळ संख्या दोघांचीही तीच निघते. तेवढ्यात घड्याळ पुढे सरकते, थोडी अनिश्चितता येते आणि दुसरी संख्या वेगळी पडते. मग दोन्ही गुणाकारांचा मसावि काढला, की सामाईक संख्या हाती लागते आणि दोन्ही किल्ल्या एकदमच फुटतात. शाळेत शिकलेला मसावि इथे कुलूप तोडायला पुरतो. सुरक्षित देवाणघेवाणीसाठी टीएलएस वापरणाऱ्या सुमारे ०.५ टक्के यंत्रांच्या खासगी किल्ल्या त्यांना अशा रीतीने मिळाल्या.

२०१४ मध्ये कर्नलच्या ३.१७ आवृत्तीत आलेला गेटरँडम हा सिस्टम कॉल साठा एकदा पुरेसा भरेपर्यंत प्रोग्रामला थांबवून ठेवतो. हे योग्यच होते, पण त्यातून वेगळीच अडचण उभी राहिली. २०१९ मध्ये फाइल सिस्टीमच्या एका सुधारणेमुळे डिस्कचे वाचन घटले, इंटरप्ट कमी झाले आणि काही संगणक सुरू होतानाच अडकू लागले. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी प्रोसेसरच्या स्वतःच्या कालमापनातील चढउतारांतून अनिश्चितता मिळवण्याचा मार्ग कर्नलमध्ये घातला. याखेरीज मागील वेळचे बीज फाइलमध्ये जपून ठेवले जाते आणि आभासी यंत्रांना यजमान संगणकाकडून बीज मिळू शकते. मात्र डिस्कच्या एकाच प्रतिमेतून अनेक यंत्रे उभी केल्यास जपलेले बीज सर्वांकडे सारखेच जाते, हा धोका उरतोच.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१२ पासून यादृच्छिक संख्या देणारी आरडीरँड ही आज्ञा आहे. तिच्या आतील रचना बाहेरून तपासता येत नाही, म्हणून लिनक्स तिचे उत्पादन थेट न देता इतर स्रोतांबरोबर मिसळतो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीनेही २०१३ मध्ये असाच निर्णय घेतला. एकाच स्रोतावर विसंबायचे नाही, हे धोरण शहाणपणाचे आहे.

कर्नलकडून या संख्या दोन फाइलींतून वाचता येतात: साठा कमी पडला की पूर्वी थांबणारी डेव्ह-रँडम आणि न थांबणारी डेव्ह-यूरँडम. त्यांपैकी पहिली श्रेष्ठ आणि दुसरी दुय्यम, हा समज फार काळ टिकला. साठा ‘आटतो’ या कल्पनेवर तो आधारलेला होता. पुरेसे बीज एकदा मिळाले, की त्यातून हव्या तितक्या संख्या निर्धोकपणे काढता येतात. म्हणूनच २०२० मधील ५.६ आवृत्तीपासून डेव्ह-रँडमही आरंभानंतर थांबत नाही. किल्ली तयार करणारा प्रोग्राम लिहिताना स्वतःचा संख्याजनक रचू नये, गेटरँडमच वापरावे.