गुलबक्षीने मोडलेला नियम

पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचा आयरिस बागेत वाढवणारे त्याचे बी पेरत नाहीत. आल्यासारखे आडवे वाढणारे त्याचे खोड तोडून लावतात, कारण बियांतून पट्टे उतरतील याचा भरवसा नसतो. असे का? समुद्रपूरच्या उन्हाळ्यात आयरिस टिकणे अवघड, पण उत्तर शोधायला परसातली गुलबक्षी पुरेशी आहे.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स हे १९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुले येतात आणि पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ या प्रमाणात, हे त्यांनी दाखवले. मग त्यांनी चट्टेरी पानांची गुलबक्षी घेतली. तिच्या काही फांद्या हिरव्या, काही पांढऱ्या, काही चट्टेरी होत्या.

१९०९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चकित करणारे होते. पराग कोणत्याही फांदीवरचा असो, बी हिरव्या फांदीवर धरले तर रोपे हिरवी, पांढऱ्या फांदीवर धरले तर पांढरी. चट्टेरी फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकारची रोपे येत. म्हणजे पित्याचा वाटा शून्य! मेंडेलच्या पुरस्कर्त्यालाच त्याच्या नियमाचा अपवाद सापडला, आणि त्याने तो लपवला नाही. त्याच वर्षी एर्विन बाउर यांनी जिरेनियमवरील प्रयोगांतून याचे मूळ हरितलवकांत असल्याचे सुचवले.

आज आपण जाणतो की हरितलवकांत स्वतःचा डीएनए असतो. तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण डीएनए-क्रम १९८६ साली प्रसिद्ध झाला. गुलबक्षीत हरितलवके अंडपेशीतूनच पुढच्या पिढीत जातात.

मात्र प्रत्येक चट्टा आनुवंशिक नसतो. भेंडीच्या पानांवरील शिरांचे पिवळे जाळे हा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूरोग आहे. तत्कालीन मुंबई प्रांतातून त्याची नोंद १९२४ साली झाली.

चट्टेरी गुलबक्षी मिळाल्यास वर्गात तिन्ही फांद्यांवरचे बी वेगवेगळे पेरावे. एका फुलात एकच बी धरते, त्यामुळे हिशेब सोपा. पण मोजणी उगवल्या दिवसापासून करावी. हरितद्रव्य नसलेली पांढरी रोपे बियांतला साठा संपताच मरतात. पंधरा दिवसांनी मोजणाऱ्याला सारी रोपे निरोगी दिसतील, आणि कॉरेन्सना दिसलेले सत्य मात्र हातातून निसटलेले असेल.